थांबामामांची वही

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतले शिपाई चालता चालता थांबत असत. एका हातात परीक्षानळ्यांचा स्टँड, दुसऱ्या हातात हेडसरांचा चहा, आणि मामा व्हरांड्याच्या मधोमध खांबासारखे उभे. मागून पळत येणारं पोर त्यांच्या पाठीवर आदळायचं. मामा वळून बघत नसत. हनुवटी जराशी वर, नजर कुठेच नाही, आणि ओठातल्या ओठात एकच शब्द, "थांबा." मग कडुलिंबावरचा दयाळ पक्षी आपलं गाणं पुरं करायचा आणि मामा पुढे चालू लागायचे. हेडसर वर्षानुवर्षं कोमट चहा प्यायले, त्याला कारण हा दयाळ होता.

शाळेतल्या शिपायाला सगळी मुलं मामाच म्हणतात. आमच्या मुलांनी त्यांच्या आवडत्या शब्दाची भर घालून त्यांना थांबामामा केलं. त्यांच्याबद्दल मी चाळीस वर्षांपूर्वीच लिहायला हवं होतं. तेव्हा लिहिलं असतं तर त्याचा त्यांना उपयोग झाला असता. आता मी शहात्तर वर्षांचा आहे, आणि हे लिहून कुणाचं काय भलं होणार आहे ते मला माहीत नाही. तरी लिहितो.

मी नोकरीला लागलो तो मोठ्या दुष्काळानंतरचा जून होता. शाळा नाशिकला, गंगापूर रोडला. तेव्हा तिकडे द्राक्षबागा जास्त आणि घरं कमी होती, शाळेच्या मागच्या कुंपणापासून दोन शेतं ओलांडली की नदी. माझे वडील मनमाडला रेल्वेत होते. माझं बालपण इंजिनांच्या शिट्ट्यांत गेलं. कावळा, चिमणी, पोपट आणि कबूतर, एवढेच पक्षी मला ओळखता येत. पण विज्ञानाचा सगळ्यात नवा मास्तर म्हणून हेडसरांनी निसर्ग मंडळ माझ्या गळ्यात घातलं. पहिल्या रविवारी बावीस मुलं घेऊन मी आनंदवल्लीला नदीकाठी गेलो आणि तासभर मोठ्या आवाजात पिसांची रचना समजावून सांगितली. पाण्याचा डबा आणि औषधाची पेटी उचलायला मामा बरोबर होते. शेवटी एका मुलीने विचारलं, "सर, पक्षी कधी येणार?"

मी काही बोलायच्या आत मामा हळूच म्हणाले, "सर बोलायचे थांबले का येतील." आणि लगेच जीभ चावून त्यांनी पाण्याचा डबा विनाकारण पुसायला घेतला.

पुढच्या रविवारपासून मामा शिकवू लागले आणि मी पाण्याचा डबा उचलू लागलो. कागदोपत्री मात्र मंडळाचा प्रमुख मीच राहिलो. हे लक्षात ठेवा.

मामा निफाडकडचे, नदीकाठच्या गावचे. सातवीपर्यंत शिकलेले, मला वीस वर्षांनी मोठे. लहानपणी त्यांना लोक ज्वारीच्या राखणीला ठेवत. उंच माळ्यावर बसून गोफण फिरवायची आणि पाखरं हाकलायची. मी एकदा विचारलं, इतकी पाखरं तुम्हाला ओळखता कशी येतात? ते म्हणाले, "ज्याला हाकलायचं त्याला आधी वळखावं लागतं ना सर. कणीस खाणारं कुठलं, अळी खाणारं कुठलं. अळीवाल्याला धोंडा मारला तर मालक शिव्या द्यायचा." मग थोड्या वेळाने म्हणाले, "लहानपण सगळं हाकलण्यात गेलं. नीट बघायचं राहूनच गेलं होतं."

मुलांना ते बोट दाखवू देत नसत. बोट वर गेलं की पाखरू उडतं, आणि नाही उडालं तरी बाकीची मुलं बोटाकडेच बघत बसतात. त्यासाठी त्यांनी झाडाला माणसाचं अंग दिलं होतं. प्रत्येक झाडाला घोटा, गुडघा, कंबर, खांदा आणि डोकं. "खांबापासनं दुसरी बाभळ, तिच्या डाव्या खांद्याला," एवढं सांगितलं की बावीस मुलांचे चेहरे एकदम तिकडे वळायचे, हात न हलवता. काही महिन्यांनी मुलांना आपोआप कळलं, की सातभाई झाडाच्या घोट्याशी पाचोळा उलटत असतात, शिंपी गुडघ्या-कमरेच्या वर फारसा जात नाही, आणि तांबट डोक्यावर बसून टुक टुक करतो. मला हे कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं.

नाव ते सगळ्यात शेवटी सांगत. आधी काय करतंय ते सांगायचं. चालतंय का उड्या मारतंय, शेपूट वर का खाली, एकटं का घोळक्यात. "नाव कळलं का बघणं बंद होतं," असं त्यांचं म्हणणं. आमच्यात एक मुलगा होता, पुस्तकातली चित्रं पाठ केलेला. काहीही दिसलं की नाव फेकायचा. मामांनी त्याला एक सकाळ नुसतं परीट पक्ष्याच्या मागे लावलं. "शेपूट किती वेळा हालवतो ते मोजून ये." पोरगं घामाघूम होऊन परत आलं. "मामा, तो थांबतच नाही." मामा म्हणाले, "हां. आता कळला तुला परीट."

मी तोपर्यंत एक इंग्रजी पुस्तक विकत घेतलं होतं. सोमवारी मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत बसून मामा पाखराचं वर्णन करायचे आणि मी पुस्तकात शोधायचो. त्यांना त्याची गंमत वाटे. "पाखरू माझ्याकडं हाय, नाव तुमच्याकडं. दोघं मिळून एक मास्तर होतो आपण." मला हे वाक्य तेव्हा फार आवडलं होतं. ते मी स्नेहसंमेलनाच्या भाषणात माझं म्हणून वापरलं.

आता वहीबद्दल. लांब, कापडी पाठीची, दुकानदार वापरतात तशी वही होती. मामांनी प्रत्येक पानावर पट्टीने तीन रकाने पाडले होते. पाहिलं, ऐकलं, वाटलं. रविवारी परतताना सोमेश्वर मंदिराच्या पायऱ्यांवर नाहीतर गंगापूर धरणाच्या भिंतीजवळ मुलांना बसवून मामा एकेकाला विचारत आणि शाईने लिहीत. पाहिलंच्या रकान्यात जायचं तर दोघांनी तरी पाहिलेलं असलं पाहिजे, आणि चालणं, शेपूट, चोच असं काहीतरी सांगता आलं पाहिजे. बाकी सगळं वाटलं. तो रकाना मुलांना आवडत नसे. रडारड व्हायची. मामा म्हणत, "वाटलं म्हंजे खोटं नाय रे बाबा. वाटलं म्हंजे अजून बघायचं राहिलंय."

एकदा एका टारगट मुलाने विचारलं, "मामा, हेडसर कुठल्या रकान्यात?"

मामांनी विचार केला. "ऐकलं," ते म्हणाले. "दिसायच्या आधी ऐकू येतात." मुलं इतकी हसली की पाण्यावरचे शेकाटे उडून गेले आणि मामा स्वतःवरच रागावले.

मामांची मुलगी सुजाता आमच्याच शाळेत होती. सहावीत गेल्यावर ती रविवारी येऊ लागली. काळीसावळी, दोन घट्ट वेण्या, नजर फार तीक्ष्ण. पण बाप तिला काही सवलत देत नसे. उलट तिच्या नोंदी दोनदा विचारून घेत. एका डिसेंबरच्या सकाळी आम्ही धरणाच्या काठाला गेलो होतो. पाण्यावरून वाफ निघत होती आणि ऊन नुकतंच फुटत होतं. सुजाता पुढे, एका खडकावर पालथी पडून बघत होती. ती मागे येऊन हळू आवाजात म्हणाली, "बाबा, एक बदक आहे. डोकं गुलाबी."

मामा पुढे गेले, पण तोवर बदकं आत सरकली होती. शाळेच्या दुर्बिणीचं एक भिंग फुटकं होतं. मामा एका डोळ्याने बराच वेळ बघत राहिले आणि त्यांनी मान हलवली. पायऱ्यांवर बसून त्यांनी नोंद केली ती तिसऱ्या रकान्यात. बदक एक, डोकं गुलाबी, सुजाता म्हणते, लालसरी असेल, सकाळच्या उन्हाने तसं दिसतं. लालसरी म्हणजे तांबड्या डोक्याचं, हिवाळ्यात धरणावर नेहमी दिसणारं बदक. नोंदीत पुढे आणखी एक वाक्य होतं. ते सांगायला मला अजून थोडा वेळ लागेल. सुजाताने मान लांबवून कुठला रकाना ते बघायचा प्रयत्न केला. मामांनी वही मिटली. ती परत येताना बापापासून चार हात लांब चालत होती.

त्याच महिन्यात मुंबईच्या एका संस्थेचं पत्र शाळेला आलं. नाशिकच्या पाणपक्ष्यांची माहिती ते गोळा करत होते, कुणाकडे काही वर्षांच्या नोंदी असल्यास पाठवाव्यात. मी पत्र मामांना वाचून दाखवलं. त्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं. "म्हंजे आपली वही त्यांच्या उपयोगाची हाय?" मी म्हटलं, आहे तर. नोंदी चांगल्या निघाल्या तर ते लोक इथे येतील, वर्षातून एकदा पक्षी मोजायला तुम्हाला बरोबर घेतील. मामा हातातला फडका घडी करत राहिले. मग म्हणाले, "त्यांच्याकडं धड दुर्बीण असंल, नाय? एकदा धड दुर्बिणीतनं बघायचंय मला. लालसरीचा डोळा कसा असतो ते."

वही मी घरी नेली. आठ वर्षांच्या नोंदींची इंग्रजी यादी करायची, टाइप करून पाठवायची. चार दिवस मी पाहिलं आणि ऐकलंच्या रकान्यातलं प्रामाणिकपणे उतरवलं. पाचव्या दिवशी ते गुलाबी डोकं आलं. मी सहज पुस्तक उघडलं. पुस्तकात गुलाबी डोक्याचं बदक होतं. कित्येक वर्षांत कुणाला दिसलेलं नाही, बहुधा नाहीसं झालं असावं, असं लिहिलं होतं.

मला मामांपेक्षा जास्त कळतं असं मी कधीच मानलं नव्हतं. पण पुस्तक माझ्याकडे होतं. मला वाटलं, हा माणूस फारच भितो. मुलगी स्वतःची म्हणून तिचं खरं धरायला तयार नाही. आणि मला हेही वाटलं, की अशी एक नोंद असेल तर यादी कुणी बाजूला ठेवणार नाही. मी ते बदक पाहिलेल्या पक्ष्यांत टाइप केलं. लालसरी असेल, हे शब्द गाळले. खाली मंडळ प्रमुख म्हणून सही केली, आणि निरीक्षकांच्या नावांत पहिलं नाव मामांचं लिहिलं. ते नाव लिहिताना आपण किती मोठ्या मनाचे आहोत असं मला वाटलं होतं.

यादी मुंबईला गेली. दरम्यान माझ्या ओळखीच्या एकाने गावातल्या एका दैनिकात चार ओळी छापून आणल्या. दुर्मीळ बदकाचं गंगापूर धरणावर दर्शन, अमुक शाळेच्या अमुक सरांच्या मार्गदर्शनाखाली. माझ्या सासऱ्यांनी कात्रण कापून पाकिटात ठेवलं. दुसऱ्या दिवशी मामा प्रयोगशाळेत आले, दार लोटून घेतलं.

"सर, ते बदक वाटलंमधलं होतं."

"हो हो," मी म्हणालो, "माझ्याकडून यादीत वर गेलं वाटतं. मी कळवतो मुंबईला."

"कळवा तेवढं."

आठवड्याने त्यांनी विचारलं, "कळवलं का सर?" मी म्हटलं, आज लिहितो. पुन्हा आठवड्याने विचारलं. मी म्हटलं, वार्षिक परीक्षा तोंडावर आल्यात मामा, जरा थांबा. ते म्हणाले, "थांबतो." थांबणं ही त्यांच्यासाठी काही अवघड गोष्ट नव्हती. एका अंतर्देशीय पत्राचं काम होतं. मी ते पत्र लिहिलं नाही. त्या वर्षी पर्यवेक्षकाची जागा भरायची होती आणि हेडसरांनी ते कात्रण शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या बैठकीत दाखवलं होतं.

मार्चमध्ये मुंबईच्या त्या संस्थेचे पाहुणे स्वतःच आले. साठीचे, अंगात खाकी सदरा, गळ्यात काळी जाडजूड दुर्बीण. हेडसरांच्या खोलीत बसून त्यांनी माझी यादी टेबलावर पसरली आणि एका ओळीवर पेन्सिल टेकवली. "हे कुणी पाहिलं?"

"मामांनी नोंद केली आहे," मी म्हणालो. हे वाक्य खोटं नव्हतं.

मामांना बोलावलं. ते दारात उभे राहिले. खोलीत एक खुर्ची रिकामी होती, पण बसा असं कुणी म्हटलं नाही.

"तुम्ही पाहिलंत हे बदक?"

"नाय साहेब. पोरीनं पाहिलं. मी लांब होतो. मला लालसरी वाटली."

"मग इथे कसं आलं?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "वहीत वाटलंच्या रकान्यात हाय साहेब. वही बघा."

"वही कुठे आहे?"

"सरांकडं हाय."

वही माझ्या घरी टेबलाच्या वरच्या खणात होती. सकाळी पेन काढताना मला तिची कापडी पाठ दिसली होती. मी म्हणालो, "मी संक्रांतीच्या आधीच परत दिली."

तेव्हा मामांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रविवारी अनोळखी पाखराकडे बघायचे तसंच ते बघणं होतं, नाव ठरायच्या आधीचं. मग ते पुन्हा म्हणाले, तेवढ्याच आवाजात, "सरांकडं हाय."

हेडसरांनी विचारलं, "मुलगी कोणती म्हणालात?"

"सुजाता."

"म्हणजे तुमचीच."

"हो सर."

हेडसर पाहुण्यांकडे वळले. "घ्या. या लोकांना जरा पुढे केलं की असं होतं. पोरीचं नाव छापून यावं, दुसरं काय."

मी तिथे बसलो होतो. या लोकांना, हे शब्द मला नीट ऐकू आले, त्यांचा अर्थही कळला, आणि मी टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिलो.

पाहुण्यांना अवघडल्यासारखं झालं. ते हळू म्हणाले, "एक नोंद अशी निघाली की बाकीच्यांचाही भरवसा धरता येत नाही हो. वही मिळाली तर जरूर पाठवा." आणि यादीची घडी करून त्यांनी ती माझ्यापुढे सरकवली. आठ वर्षांच्या रविवारांची यादी. मामा अजून दारात होते. ते यादीकडे बघत नव्हते. त्यांची नजर पाहुण्यांच्या गळ्यातल्या दुर्बिणीवर होती. हेडसरांनी जा म्हटल्यावर ते गेले.

दुपारी ते प्रयोगशाळेत आले. मी तोंड चुकवून ॲसिडच्या बाटल्या मोजत होतो. म्हणाले, "सर, घरी बघा एकदा. पुस्तकांत मिसळली असंल. सापडली म्हणून सांगा, मी काय बोलणार नाय."

असं सोपं दार कुणी कुणाला उघडून दिलं नसेल. मी म्हटलं, "बघतो." घरी जाऊन खण उघडला, वही काढली, आणि कपाटात तळाशी घातली.

रविवारच्या सहली हेडसरांनी बंद केल्या. मामांना प्रयोगशाळेतून काढून फाटकावर आणि घंटेवर टाकलं. शिपायाने लेकीसाठी खोटं बदक उडवलं ही गोष्ट शिक्षकांच्या खोलीत वर्षभर चालली. मुलं सुजाताला गुलाबी म्हणू लागली. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात तिचे चुलते कामाला होते, जूनमध्ये ती त्यांच्याकडे राहायला आणि तिकडच्या शाळेत गेली. मी पर्यवेक्षक झालो.

पुढच्या वर्षीच्या एप्रिलमधली एक सकाळ मला आठवते. मी वरच्या मजल्याच्या कठड्याशी उभा होतो. तास संपत आला होता, मामा घंटेकडे निघाले होते, आणि कडुलिंबाच्या डोक्यावर दयाळ जोरात गायला लागला. मी मामांकडे बघत राहिलो. ते थांबले नाहीत. सरळ गेले, हातोडी उचलली आणि घंटा दिली. दयाळ उडाला. त्यानंतर मी त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकला नाही. नवी मुलं त्यांना नुसतं मामा म्हणू लागली.

ते निवृत्त झाले त्या दिवशी शाल मी दिली. पर्यवेक्षक म्हणून ते काम माझंच होतं.

त्यानंतर एकदाच भेट झाली. सीबीएस बसस्थानकाच्या फलाटावर, त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर. दोन्ही डोळ्यांवर हिरवी पट्टी, हात कुणा भाच्याच्या खांद्यावर. भाचा तिकीट विचारायला गेला तेव्हा मी जवळ जाऊन म्हटलं, "मामा." त्यांनी लगेच ओळखलं. त्यांचे कान चांगलेच होते.

"सर का? लय दिवसांनी."

मी तब्येत विचारली. त्यांनी माझ्या मुलांची विचारली. मग गाड्यांच्या आवाजात ते जरा पुढे झुकले. "वही हाय ना सर?"

मी मान हलवली. हो, म्हणून. त्यांच्या डोळ्यांवर पट्टी होती. त्यांना मान दिसणार नव्हती हे मला माहीत होतं. एक हो म्हणायचं होतं तोंडाने. तेवढ्यात नाशिकरोडची गाडी लागली, भाच्याने त्यांचा हात धरला, आणि ते तोंड माझ्याच दिशेला ठेवून पायऱ्या चढले.

ते गेल्याचं मला दोन वर्षांनी कळलं, जुन्या विद्यार्थ्याकडून.

परवा घर आवरताना मुलाने कपाट रिकामं केलं आणि वही हातात घेऊन विचारलं, "बाबा, हे टाकायचं का?" मी ती त्याच्याकडून घेतली आणि दुसऱ्या दिवशी रिक्षा करून एकलहऱ्याच्या रस्त्याला सुजाताचं घर शोधत गेलो. ती सरकारी दवाखान्यात नर्स आहे. केस पिकलेत. तिने दार उघडलं, मी नाव सांगितलं. ती दारातून बाजूला झाली, म्हणाली, "या सर." आत कपाटावर बुद्धाची छोटी मूर्ती आणि शेजारी मामांचा फोटो होता, निवृत्तीच्या दिवशीचा. अंगावर मी दिलेली शाल.

मी बसून सगळं सांगितलं. वाटेत पाठ केलेली वाक्यं विसरलो, तरी सांगितलं. मी दिलेली वही तिने मांडीवर ठेवली आणि ती म्हणाली, "बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, वही सरांकडं हाय, जपून ठेवली असंल. आम्ही म्हणायचो, जाऊ द्या ना आता."

मग ती पानं उलटू लागली. डिसेंबरचं पान यायला वेळ लागला. तिने ओळीवर बोट ठेवलं, आणि बोट सरकवत पानाच्या वरच्या टोकाला नेलं, रकान्याच्या नावापर्यंत. पुन्हा खाली आणलं. पुन्हा वर नेलं.

"वाटलंमध्येच लिहिलंय," ती म्हणाली.

मी म्हटलं, "हो."

"मी त्यांना विचारलं होतं. पोरं चिडवायला लागली तेव्हा. म्हटलं, बाबा, तुम्ही माझ्यासाठी खोटं लिहिलं का? ते म्हणाले, नाय, वाटलंमध्ये लिहिलं. मला खरं वाटलं नाही. मला वाटलं, मला बरं वाटावं म्हणून पाहिलंमध्ये लिहिलं असेल आणि आता अंगाशी आल्यावर फिरवतायत. त्याच्यामुळेच मी काकांकडे गेले सर. बाबांनी नाही पाठवलं मला. मी म्हटलं, मला इथे राहायचं नाही. दहावीपर्यंत मी त्यांच्याशी नीट बोलले नाही. मग पुढे बोलायला लागले, पण ते विचारलं नाही परत."

मी काहीतरी बोलायला गेलो. ती म्हणाली, "सर, तुम्ही आता जा." आवाज चढला नव्हता. दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांना वेळ संपल्यावर सांगतात तसं तिने सांगितलं. मी दारात चपला घालत होतो तेव्हाही तिचं बोट त्या पानावरच होतं.

वही आता तिच्याकडे आहे. मुंबईच्या त्या पाहुण्यांना कळवावं म्हटलं तर तेही आता नसतील, हेडसर तर केव्हाच गेले, शाळेच्या मागे नदीपर्यंत इमारती झाल्या. माझ्या हातात फक्त एवढंच उरलंय, की जी ओळ मी गाळली ती पूर्ण उतरवावी. वही जवळ नसली तरी मला ती पाठ आहे. रकाना तिसरा, वाटलं:

बदक एक. डोकं गुलाबी. सुजाता म्हणते. लालसरी असेल, सकाळच्या उन्हाने तसं दिसतं. सर पुस्तकात बघून खरं काय ते सांगतील.